कपाटाजवळची पोरं

माझी आजी ८४ वर्षांची. डोळ्यांचा मागचा पडदा झिजल्यामुळं समोरचा चेहरा तिला धुरकट दिसतो. मार्चमध्ये एका संध्याकाळी आमची रोझरी संपली आणि ती हळूच म्हणाली, "कपाटाजवळ पोरं उभी आहेत. झालरीच्या टोप्या घातलेली. तुला दिसतात का गं?"

मी जवळजवळ ओरडलेच, "आजी, तिथं कुणी नाही!"

रात्री मी मोबाईलवर डिमेन्शिया शोधत बसले. काकू म्हणाली, फादरना बोलावून घर ब्लेस करून घेऊ. आजी मात्र त्या विषयावर परत बोलली नाही. आम्हाला वाटलं, गेलं एकदाचं.

मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "नसलेलं काही दिसतं का?" आजीनं आधी माझ्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाली, "रोज दिसतात. येडी म्हणतील म्हणून गप बसलो होतो."

ती वळलेली मान मला अजून टोचते.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, चार्ल्स बॉनेट सिंड्रोम. जिनिव्हाच्या या निसर्ग-अभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. वय नव्वदीला आलेलं, मोतीबिंदूनं नजर गेलेली, पण डोकं शाबूत. आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. पुढं डोळे अधू झाल्यावर खुद्द बॉनेटलाही तसंच दिसू लागलं. डोळ्यांकडून काही पोचेनासं झालं की मेंदूचा बघणारा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. (तापानं, औषधांनीही भास होतात, त्यामुळं डॉक्टरांना विचारायलाच हवं.)

खरं तर मला ओरडायचा हक्कच नव्हता. मी सतरा वर्षांची असताना आजोबा गेले. नंतर कितीतरी पहाटे त्यांचं खाकरणं मला स्पष्ट ऐकू यायचं. कुणाला सांगितलं नाही. वेल्समधल्या डॉ. रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये लिहिलं, की जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं. त्यातल्या बहुतेकांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्याच्याही आधी, पाच वर्षांची असताना, माझी एक मैत्रीण होती, फक्त मलाच दिसणारी. तो भास होता की खेळ, मला अजून ठरवता येत नाही. पण आजी तिच्यासाठी बशीत वेगळं बिस्कीट ठेवायची. "तिथं कुणी नाही" असं ती एकदाही म्हणाली नाही.

काल रोझरीनंतर मी विचारलं, "आज किती जण आलेत?"

"दोघंच," आजी म्हणाली. "पाऊस बघ की किती लागलाय."