जयविलासांतील खुर्च्या आणि घरची पैठणी

जळगावाहून भुसावळ, इटारसी, झांशी या मार्गानें आम्ही मातोश्रींसह ग्वाल्हेरास गेलों, तेव्हां शिंद्यांचा जयविलास राजवाडा पाहण्याचा योग आला. १८७४ सालीं जयाजीराव महाराजांनीं बांधविलेल्या या वाड्याचा कांहीं भाग संग्रहालय म्हणून लोकांस खुला आहे. दरबार-दालनांतील प्रचंड झुंबरें पाहण्यास सर्वांनीं माना वर केल्या. मातोश्रींची दृष्टि मात्र वाड्यांतील फ्रेंच धर्तीच्या सोनेरी खुर्च्यांकडे. "यांवर आपलीं माणसें मांडी कशी घालीत असतील?" असें त्यांनीं विचारलें.

या घाटास रोकोको म्हणतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, पंधराव्या लुईच्या काळीं, तो पॅरिसमध्यें बहरला. सरळ रेषेचें त्यास वावडें. पाय हरिणीच्या पायांसारखे बांकदार, पाठीवर शिंपले व वेली कोरलेल्या. हात किंचित् मागें सरकविलेले. कारण स्त्रियांच्या घेरदार झग्यांस जागा हवी असे. अस्सल जुन्या खुर्च्यांपैकीं उंची खुर्च्यांच्या बैठकीवर व पाठीवर टॅपेस्ट्री नांवाचें चित्रवस्त्र चढविलेलें असे. तें विणणारा बोव्हे येथील कारखाना १६६४ सालीं निघाला. पुढें ऊद्री या चित्रकाराच्या हाताखालीं तेथें पशुपक्ष्यांच्या नीतिकथाही मागावर उतरल्या.

"म्हणजे कशिदाच ना?" मातोश्री म्हणाल्या. आम्हीं सांगितलें, कशिदा तयार कापडावर काढतात. येथें कापड आणि चित्र एकदमच जन्मतात. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या आकृतीच्या कडेपर्यंत जातो आणि तेथूनच परत फिरतो.

"अरे, मग हा तर पैठणीचा पदर!"

त्यांचें म्हणणें खरें होतें. येवल्याचा विणकर पदरावर मोर विणतो, तो याच रीतीनें. तिकडे लोकर व रेशीम, इकडे रेशीम व जर, एवढाच भेद.

घरीं आल्यावर मातोश्रींनीं ट्रंकेंतून आपली लग्नांतील पैठणी काढली. ती घडीवर विरल्यामुळें जुनी जर घेणाऱ्यास देण्याचें घरांत ठरलें होतें. त्यांनीं सुनांसमोर पदर उलटा करून दाखविला. मोर दोन्ही बाजूंनीं सारखाच. "चांदीचें वजन होईल, पण या विणीचें वजन कोण करणार?" या प्रश्नास आम्हांपैकीं कोणाजवळच उत्तर नव्हतें. जरवाल्यास निरोप गेला तो नकाराचा. पैठणी आतां धुवट मांजरपाटांत गुंडाळलेली असते, आणि दर दसऱ्यास तिची घडी बदलण्याचें काम धाकट्या सूनबाईंनीं आपणहून मागून घेतलें आहे.