माघारी वळलेला

महाप्रस्थानाचा प्रसंग मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. हस्तिनापुराहून निघालेले पाच भाऊ, द्रौपदी आणि त्यांच्या मागोमाग आलेला एक कुत्रा. हिमालय ओलांडल्यावर प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येकाच्या पडण्याचे कारण युधिष्ठिर सांगतो आणि चालत राहतो. पुढे इंद्र रथ घेऊन येतो. कुत्र्याला टाकून ये, असे तो म्हणतो आणि युधिष्ठिर नकार देतो. मग कुत्र्याच्या जागी साक्षात धर्म प्रकटतो. तास संपायला दोनचार मिनिटे उरलेली असताना हा शेवट फार सोयीचा असतो.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘सर, भाऊ पडले तं त्यायच्याकडे वळून पाह्यलं नाई, मंग कुत्र्यासाठीच कायले अडला?’’ वर्ग हसला. मी ग्रंथातलेच उत्तर दिले. इंद्राचाही हाच आक्षेप आहे आणि युधिष्ठिर त्याला सांगतो की, ते मेले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना टाकले नाही. उत्तर बरोबर होते. पण ते तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

असो. पुढे जानेवारी २०१८ मध्ये मी आणि माझा एक मित्र हिमालयात गेलो. आम्ही दोघेही अकोल्याच्या जुन्या शहरातले, एकाच गल्लीत वाढलेले. असदगडाचे बुरूज आणि मोर्णेचा काठ हेच आमचे बालपणीचे डोंगर आणि नद्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाशी आमची ओळख जन्माची. बर्फ मात्र आम्हाला रसवंतीच्या लादीपुरताच ठाऊक. सराव म्हणून नरनाळा चढलो, चिखलदऱ्याला दोनदा जाऊन आलो. भीमाने कीचकाला मारून जिथे दरीत फेकले असे आपल्याकडे मानतात, तोच हा कीचकदरा. हात धुतले ते भीमकुंडही तिथेच. त्यामुळे निघताना मित्र म्हणाला, ‘‘भीमाची सुरुवात आपल्याकडंच झाली, आता शेवट पाहून येऊ.’’

आम्हाला केदारकंठ्याला जायचे होते. उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यात, टोन्स नदीच्या खोऱ्यात सांकरी नावाचे गाव आहे. डेहराडूनहून तिथे पोहोचायला सारा दिवस जातो. सांकरीची उंची सुमारे १,९५० मीटर आणि केदारकंठ्याच्या माथ्याची सुमारे ३,८००. हिवाळ्यात बर्फातून चढता येणाऱ्या सोप्या शिखरांत त्याची गणना होते. माथ्यावरून ६,२५२ मीटर उंचीचे स्वर्गारोहिणी शिखर समोर दिसते. पांडव याच वाटेने वर गेले, अशी त्या खोऱ्यातल्या लोकांची श्रद्धा आहे. बद्रीनाथपलीकडची माणा आणि सतोपंथाची वाटही हाच मान सांगते. पण श्रद्धेला दोन पत्ते असायला हरकत नसते.

गाव सोडले आणि एक कुत्रा आमच्याबरोबर निघाला. काळा, दाट केसांचा, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. पहाडात बिबट्या नेमका कुत्र्याच्या गळ्याला धरतो, म्हणून मेंढपाळ असे पट्टे घालतात. तुकडीतल्या एकाने त्याला हाकलायला काठी उगारली आणि मला सरमेची आठवण झाली. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात तिचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. देवांची कुत्री सरमा येऊन जाब विचारते आणि राजाला शाप देते. निरपराध कुत्र्याला हाकलण्यापासून सुरू होणारी कथा कुत्र्याला न टाकण्यापाशी येते, हे मी परीक्षेत प्रश्न म्हणून विचारलेही होते. प्रत्यक्षात मी त्याला एक बिस्कीट दिले, एवढेच.

जुडा का तालाब या गोठलेल्या तळ्यापाशी पहिला मुक्काम झाला. तिथून पुढे गुडघाभर बर्फ. बुटांना साखळीचे काटे बांधूनही आम्ही दर चार पावलांना रुतत होतो. कुत्रा मात्र वरच्या कडक पापुद्र्यावरून हलकेच जात होता. मधेच बसून तो बोटांच्या बेचक्यांत साचलेल्या बर्फाच्या गोळ्या दातांनी काढायचा आणि पुन्हा चालू लागायचा. त्याचे पाय गोठत कसे नाहीत, असे मी वाटाड्याला विचारले. तो हसला. नंतर वाचले की कुत्र्याच्या पंजात धमन्या आणि शिरा एकमेकींना लगटून असतात. आत येणारे गरम रक्त परत जाणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते आणि शरीराची उष्णता शरीरातच राहते.

वरच्या तळावर पोहोचलो त्या संध्याकाळी मित्राचे डोके ठणकू लागले. जेवण गेले नाही, उलटी झाली. तुकडीच्या प्रमुखाने स्पष्ट सांगितले की उंचीचा त्रास सुरू झाला असताना आणखी वर जायचे नसते. तो स्वयंपाक्याबरोबर इथेच थांबेल, वाढलेच तर त्याला लगेच खाली नेतील. मी थांबतो, असे म्हणालो. ते कसे म्हणालो हे मला ठाऊक आहे आणि मित्रालाही ते कळले असावे. तो म्हणाला, ‘‘तू जाय. मायासाठी नको थांबू.’’ मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

पहाटे तीनला निघालो. डोक्यावरच्या दिव्यांची रांग, पायांखाली बर्फाचा करकर आवाज. कुत्रा बरोबर होता. झाडे संपली त्या उतारावर तो थांबला, मागे पाहिले आणि तळाकडे परत निघाला. मी शीळ घातली. तो आला नाही.

सूर्योदयाला माथ्यावर होतो. स्वर्गारोहिणी आधी राखाडी, मग गुलाबी आणि मग डोळ्यांना सोसवेना इतकी पांढरी झाली. सर्वांनी छायाचित्रे काढली, मीही काढली. अर्ध्या जन्माची इच्छा पुरी झाली होती; पण शेजारी दाखवायला कुणी नव्हते, हे प्रत्येक छायाचित्र काढताना जाणवत होते.

तळावर उतरलो तेव्हा मित्राच्या तंबूच्या दाराशी कुत्रा अंगाचे वेटोळे करून पडला होता. मित्राचे डोके उतरले होते, तो चहा पीत होता. ‘‘हा पहाटेच आला. हलला नाई येथून,’’ तो म्हणाला. कुत्र्याच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नाही. शेजारी स्वयंपाकाचा तंबू होता, तिथली ऊब आणि रोटीचा वास हेही कारण असेल. पण तो तिथे होता आणि मी नव्हतो.

अकोल्यास परतल्यावर मी स्वर्गारोहणपर्व पुन्हा उघडले. शिकवताना आपण सतराव्या पर्वातल्या कुत्र्यापाशी थांबतो. अठरावे पर्व अभ्यासाच्या बाहेर राहते. स्वर्गात युधिष्ठिराला दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो; भाऊ दिसत नाहीत. मला ते जिथे आहेत तिथे जायचे आहे, असे तो म्हणतो. देवदूत त्याला दुर्गंधाच्या, अंधाराच्या वाटेने नेतो. ते असह्य होऊन तो परत फिरतो, आणि तेव्हा अंधारातून आवाज येतात की थोडा वेळ थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमची आग शमते. कोण तुम्ही, असे विचारल्यावर नावे ऐकू येतात. कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. युधिष्ठिर देवदूताला परत पाठवतो आणि म्हणतो की मी इथेच राहीन.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. धर्म स्वतःच पुढे सांगतो की ही तुझी तिसरी परीक्षा. पहिली द्वैतवनातली, दुसरी कुत्र्याची. म्हणजे कुत्र्यापाशी परीक्षा संपलेली नव्हती. जो शेवटपर्यंत बरोबर चालू शकला त्याला न सोडणे तुलनेने सोपे. जे चालू शकले नाहीत त्यांच्यापाशी परत जाणे अजून बाकी होते. व्यासांनी ते बाकी ठेवले आणि मग करवून घेतले.

ती मुलगी पुन्हा भेटली नाही. मित्र आणि मी अजूनही सुट्टीच्या सकाळी मोर्णेच्या काठाने फिरतो. त्या पहाटेविषयी आम्ही कधी बोललेलो नाही. फक्त तो दमून मागे राहिला की मी थांबतो, आणि हे त्याच्या लक्षात आले आहे.