हा दात उंदीरमामाला देऊ नका!

बालमित्रांनो, तुमचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तुम्ही तो काय केलात? आमच्याकडे तो उंदराच्या बिळात टाकायची पद्धत होती. उंदीरमामा आपला जुना दात घेतो आणि नवा, त्याच्यासारखा चिवट दात देतो, असं आजी सांगायची. मीही मोठ्या भक्तिभावाने आठ-दहा दात त्याला दिले. पण एक दात मात्र चुकून गेला. त्याचीच ही गोष्ट.

माझं आजोळ माकणीचं. तेच, तेरणा नदीवर धरण असलेलं धाराशिव जिल्ह्यातलं गाव. चौथीची परीक्षा संपली आणि मी सुट्टीला तिकडे गेले. गल्लीच्या तोंडाशी हापसा होता. आम्हा पोरांना हापसायची भारी हौस! एक दिवस दांडा खाली दाबून मी कळशी भरली का ते वाकून बघायला गेले आणि हात सुटला. दांडा सटकन वर आला तो थेट माझ्या तोंडावर. रक्ताची धार लागली आणि वरचा समोरचा दात मुळासकट चिखलात पडला.

आजी धावत आली. "रडू नको लेकरा, दुसरा येतोय की!" असं म्हणत तिने मला पोटाशी धरलं. मामीने दात उचलला, राखेने खसाखसा घासून लख्ख केला आणि कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी मामा मला लातूरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पुडी उघडली आणि हळहळले. म्हणाले, "हा कायमचा दात होता. आता दुसरा यायचा नाही. लगेच दुधात घालून आणला असता, तर कदाचित परत बसवता आला असता."

घरी आल्यावर तो दात शेवटी उंदीरमामालाच दिला. पुढे दहावीच्या निरोपाच्या फोटोत सगळ्या मैत्रिणी हसतायत आणि मी एकटी तोंड मिटून उभी आहे. आजी तर म्हातारपणीही म्हणायची, "म्याच लेकराचा दात घालवला." पण दोस्तांनो, तिची माया कमी नव्हती आणि मामीचा हेतूही वाईट नव्हता. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं, एवढंच!

तर आता कारण समजून घेऊ. तुम्ही मिरचीचं किंवा कांद्याचं रोप लावताना पाहिलंय ना? रोप उपटल्यावर कुणी त्याची मुळं घासतं का? उन्हात वाळवतं का? दाताचंही तसंच आहे. त्याच्या मुळावर बारीक तंतूंचं नाजूक, जिवंत आवरण असतं. त्याच्याच आधाराने दात हाडात धरून राहतो. दात कोरडा पडला, की तासाभरात हे आवरण मरून जातं. घासलं तर लगेचच जातं. साध्या पाण्यात ठेवलं तर त्यातल्या पेशी फुगून फुटतात. दुधात मात्र त्या काही तास तग धरतात. डेन्मार्कमधल्या आंद्रेआसन नावाच्या दंतवैद्यांनी १९६६ साली, अपघातात पडून परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ दातांची मुळं शाबूत राहिली होती. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेल्या बहुतेक दातांची मुळं मात्र झिजत गेली.

म्हणून कायमचा दात पडला, तर घाबरायचं नाही. आधी दात शोधायचा. तो चावतो त्या, म्हणजे पांढऱ्या टोकाकडून धरायचा. मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने नुसता हलकेच खळबळायचा. सर्वांत उत्तम म्हणजे मोठ्या माणसाच्या मदतीने तो लगेच, सुलट बाजूने त्याच्या खाचेत बसवायचा आणि स्वच्छ रुमाल हळूच दातांखाली धरून डॉक्टरांकडे जायचं. ते जमलं नाही, तर गार दुधात ठेवायचा. दूध नसेल तर वाटीत थुंकी जमवून तीत ठेवा. दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा. डोक्याला मार लागला असेल, शुद्ध हरपली असेल किंवा उलट्या होत असतील, तर मात्र दाताआधी मोठा दवाखाना!

एक लक्षात ठेवा. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाशी वाढणाऱ्या नव्या दाताला इजा होऊ शकते. समोरचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात येतात. कुठला ते कळत नसेल, तर दात दुधात घाला आणि डॉक्टरांना ठरवू द्या.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा माकणीला गेले होते. सहावीतला भाचा क्रिकेट खेळत होता. कुणाच्या तरी हातून बॅट सुटली आणि याचा दात पडला! पोरांनी दात शोधून आणला. भाचा तोंड उघडेना. मी पळत जाऊन स्टीलच्या डब्यात गार दूध ओतलं, त्यात दात टाकला आणि मामेभावाने मोटारसायकल काढली ती थेट उमरग्याला. डॉक्टरांनी दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने दोन आठवडे बांधून ठेवला आणि नंतर त्याच्या मुळावर उपचार केले. अजून अधूनमधून तपासावा लागतो, पण दात जागेवर आहे.

परवा त्याचा शाळेतला फोटो आला. पठ्ठ्या चांगला तोंडभर हसतोय!

तेव्हा मित्रांनो, आज घरी आई-बाबांना आणि उद्या वर्गातल्या मित्रांना एवढं जरूर सांगा. आणि हो, हापसताना दांड्यावर तोंड नेऊ नका बरं का!