हर्रास

मोर्शीचे मामा मुक्कामाला आले की जेवण झाल्यावर पलंगावर मांडी घालून फोन उघडतात. संत्र्याच्या फळगळीवरचा व्हिडिओ. आधी ट्रॅक्टर धावतो. मामांचा अंगठा पाच सेकंद दबा धरून बसलेला. मध्येच बुरशीनाशक येतं.

"माह्या बगीच्यातले फयं गयून राह्यले, हे याले कोनं सांगतलं बाप्पा?"

"तुम्हीच. आत्ता. व्हिडिओ लावून."

मामांनी फोन उलटा करून पाहिला.

*

मामांच्या त्या पाच सेकंदांची गोष्ट जुनी आहे. मे २०१०. १९ तारखेला गूगलने वेबएम जाहीर केलं: ऑन२ नावाची कंपनी त्याच वर्षी विकत घेऊन तिचं व्हीपी८ हे व्हिडिओ आवळून बसवण्याचं तंत्र जगाला फुकट. दोनच दिवसांनी, २१ ला, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅडमॉबच्या खरेदीची चौकशी बंद केली. मोबाइलवरच्या जाहिरातींची ही कंपनी ७५ कोटी डॉलरची. आयोगाचं म्हणणं असं, की अ‍ॅपलनेही तसलीच कंपनी घेतली आहे, आयअ‍ॅड येतंय, स्पर्धा राहील. आयअ‍ॅड २०१६ मध्ये मिटलं.

यूट्यूब २००६ पासून घरातलंच होतं. म्हणजे रस्ता त्यांचा, बंडीचं चाक त्यांच्या मापाचं, आणि आता टोलनाकाही त्यांचाच. शेवटचे दोन्ही एका आठवड्यात.

*

अकोल्यात टॉकीजमधल्या जाहिरातींच्या स्लाइडींचा मजकूर मी लिहीत असे. काचेच्या तुकड्यावर रंगवलेलं साड्यांचं दुकान मध्यंतरात पडद्यावर यायचं. कधी उलटं यायचं, मग शिट्ट्या. टिळक रोडवरचा एक दुकानदार स्वतः तिकीट काढून बसे, घड्याळ हातात धरून. दहा सेकंद ठरलेत, आठच दाखवली, असं दुसऱ्या दिवशी मॅनेजरला जाऊन सांगे. भांडायला माणूस होता.

*

बाजार समितीतला हर्रास डोळ्यांसमोर आणा. तुरीचा ढीग, भोवती व्यापारी, बोली चढते, अडत्या मोकळा होतो. आता समजा शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा दलाल आणि हर्रास बोलणारा एकच. यार्डही त्याचंच.

वेबसाइट उघडताना जाहिरातीच्या जागेचा असाच हर्रास पापणी लवायच्या आत होतो. डबलक्लिक ही जाहिरातींची कंपनी २००८ मध्ये गूगलच्या ताब्यात आली, तेव्हापासून विकणाऱ्याचं साधन आणि बाजार दोन्ही एका हाती. घेणाऱ्यांचं साधन त्यांच्याकडे आधीच होतं. १७ एप्रिल २०२५ ला व्हर्जिनियाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी पहिल्या दोन्हींत बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. घेणाऱ्यांच्या बाजूचा आरोप मात्र टिकला नाही. त्या बाजाराची दलाली शंभरामागे साधारण वीस. आपल्या यार्डात कोणी वीस टक्के अडत मागितली तर हमालही काटा सोडून हसतील.

*

इथल्या पेपरांचं काय? बियाणींनी अकोल्यात काढलेल्या 'मातृभूमी' पत्राच्या काळापासून इथला पेपर गावातल्या जाहिरातींवर उभा. सरकी, वह्या, निधनवार्ता. त्याच पेपरची वेबसाइट काढली की जाहिरात कुठून येईल आणि किती पैसे सुटतील, हे संपादकाला महिनाअखेरीस कळतं. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून याच गोष्टीची गूगलविरुद्ध चौकशी लावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला. इकडच्या शंभर स्मार्टफोनांत पंचाण्णवच्या आसपास अँड्रॉइडच, तेव्हा मामा जाणार कुठे?

*

एक गोष्ट कबूल करायला हवी. वर्ध्याचे नितेश कराळे मास्तर लॉकडाऊनमध्ये आपल्या बोलीत शिकवत घराघरांत गेले, ते यूट्यूबच्या याच रस्त्यानं. सिनेमात वऱ्हाडी माणूस बहुतेक हसवण्यापुरता. इथे तो गुरुजी झाला. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले शंभरातले ५५ बनवणाऱ्याला मिळतात. ४५ राहतात तिकडे. भाव ठरवायला मात्र कोणी अमरावतीत येत नाही.

*

हिंदीतल्या पानांना गूगलच्या जाहिराती लावून देणारं अ‍ॅडसेन्स मिळालं २०१४ च्या अखेरीस. मराठीला त्यानंतर तीन-चार वर्षं वाट पाहावी लागली. तोवर मराठी पान, आमच्या भाषेत, बिनभावाचा माल.

*

मामा मोर्शीला गेले. वायफाय माझं होतं. तीन दिवस झाले, माझ्या फोनवर फवारणीचा पंप येतो आहे, सोळा लिटरचा, बॅटरीवाला. माझ्या गच्चीत दोन तुळशी आहेत.