चेंडू आणि तळव्यामधली फट

बेसबॉलमध्ये पिचरचे चेंडू डोक्यावरून जायला लागले, की मी आधी त्याची पकड बघतो. चेंडू बोटांत आणि अंगठ्यात धरायचा असतो. त्याच्यामागे तळव्याशी एक बोट सहज शिरलं पाहिजे. पोरांच्या हातात करंगळी घालून मी ही फट तपासतो. ज्याच्या हाताला वेग जास्त, त्याची मूठ बहुतेक वेळा जास्त आवळलेली असते.

अशा वेळी हमखास पिचर सँडी कूफॅक्स आठवतो. त्याच्या पुढच्या पराक्रमांपेक्षा पहिली सहा वर्षं मला जास्त जवळची वाटतात.

ब्रुकलिनचा हा डावखुरा. १४ हजार डॉलर बोनस देऊन तिथल्याच डॉजर्स संघाने त्याला घेतलं. चार हजारांवर बोनस मिळालेल्या मुलाला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खालच्या लीगमध्ये पाठवायचं नाही, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे १९५५ मध्ये, १९ व्या वर्षी, तो थेट मोठ्या संघात आला आणि बहुतेक वेळ बाकावर बसला. ऑगस्टमध्ये संधी मिळाली, तेव्हा त्याने सिनसिनाटीचे १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले. तरी आख्ख्या मोसमात त्याच्या वाट्याला ४२ डावसुद्धा आले नाहीत. तो नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. पिचरला भरपूर चुकावं लागतं, आणि चुकायला जिथे फारसं कोणी बघत नाही असं मैदान लागतं. १९६० संपलं तेव्हा त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव होते. खेळ सोडायचा विचारही मनात येऊन गेला होता.

१९६१ च्या वसंतात, फ्लोरिडातल्या एका सराव सामन्यात, त्याने पहिल्याच डावात तिन्ही बेस भरून दिले. कॅचर नॉर्म शेरी उठून त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, जोर कमी कर, त्यांना मारू दे. पुढचे तिघंही स्ट्राइकआउट! डाव संपल्यावर शेरीने त्याला सांगितलं, की जोर कमी केल्यावर चेंडू उलट जास्त वेगाने येत होता. आवळलेल्या हाताचं मनगट मोकळं फिरत नाही, एवढंच त्यामागचं कारण. त्या वर्षी कूफॅक्सने १८ सामने जिंकले आणि २६९ स्ट्राइकआउट घेऊन नॅशनल लीगचा १९०३ पासूनचा विक्रम मोडला.

हे कॅचरलाच दिसलं, याचं मला नवल वाटत नाही. मीही कॅचरच. साडेसाठ फुटांवर उकिडवं बसलं, की समोरच्याचा आवळलेला जबडासुद्धा दिसतो.

दिसूनही मी एका पोराला दोन मोसम "जोर लाव" म्हणत राहिलो. त्याची ती दोन वर्षं माझ्यामुळे गेली, हे मला अजून बोचतं. शेवटी एका सकाळी मी त्याच्याकडे चालत गेलो, चेंडू त्याच्या तळव्यापासून सोडवला, करंगळी मध्ये घातली आणि म्हटलं, "आता नुसता माझ्याकडे दे."

चौथा चेंडू ग्लोव्हमध्ये बसला तेव्हा तळहात झणझणला.

"सर, चुकलं का? हा तर मी हळू टाकला."

मी ग्लोव्ह काढला आणि लाल झालेला तळहात त्याच्यापुढे धरला.