कटाची गोडी

मनुष्याचें मन रिकाम्या जागेस फार भितें. जेथें कारण दिसत नाहीं तेथें तें एखादें कारण आणून बसवितें. आणि तें कारण उघड असण्यापेक्षां गुप्त असलें तर त्यास अधिक समाधान वाटतें. या स्वभावाचा एक नमुना आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतच आम्हीं पाहिला.

पांढरकवडा व राळेगांव या बाजूस २०१६ ते २०१८ या काळांत वाघाच्या हल्ल्यांत १३ माणसें गेलीं. वनखात्यानें त्याचें खापर टी-१ या वाघिणीवर फोडलें. वन्यप्राणिप्रेमी मंडळी तिला ‘अवनी’ म्हणत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती गोळीनें मारली गेली. मागें तिचे दोन बछडे राहिले. लगेच बोलवा उठली, कीं वाघीण नरभक्षक नव्हतीच. एका उद्योगपतीस जंगल मोकळें करून देण्यासाठीं हा कट रचला होता! आमचे एक स्नेही गणिताचे प्राध्यापक आहेत. वर्गांत एक पायरी गाळलेली त्यांस खपत नाहीं. परंतु ही सारी उपपत्ति त्यांनीं चहाच्या एका घोटाबरोबर गिळली.

असें कां व्हावें? खरीं कारणें नीरस होतीं, हेंच त्याचें उत्तर. जंगलाचे तुकडे झालेले, त्यांच्या मधोमध कपाशीचीं शेतें; वाघ त्याच वाटेनें येणार, गुराखी त्याच वाटेनें जाणार, आणि वेचणीची बाईही तेथेंच वांकलेली असणार. अशा कारणांवर कोणास रागावतां येत नाहीं. कटांत मात्र रागावण्यास एक खलपुरुष लाभतो. शिवाय जगास न कळलेलें आपणांस कळलें, हा अभिमान फुकट पदरांत पडतो.

तथापि संशयी मनुष्यास मूर्ख ठरविणें अन्यायाचें होईल. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां रुग्णालयांत नेऊन माणसें मारतात अशी वदंता पसरली, आणि गिरणी-कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. वदंता खोटी होती. पण रोग्यास घरांतून ओढून नेणारी सक्ति खरी होती. अवनीच्या प्रकरणींही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनें नियम मोडल्याचा ठपका ठेवला. अधिकारी अंधारांत वागले कीं लोकांस अंधारांत भुतें दिसूं लागतात. मात्र नियम मोडले म्हणून जमिनीचा हेतु सिद्ध होत नाहीं. गाळलेली पायरी ती हीच.

त्या भागांतील एका विद्यार्थ्यानें आमची ही चर्चा ऐकून विचारलें, “सर, या कटांत आमच्याकडचीं मेलेलीं माणसं कुठं बसतात?” आम्ही सारे गप्प झालों. खरोखरच, त्या रंगलेल्या कथेंत वाघीण होती, उद्योगपति होता, मंत्री होते. त्या १३ जणांस तेवढी जागा नव्हती. कोणत्याही उपपत्तीस हा प्रश्न अवश्य विचारावा. पुढच्या हंगामांत वेचणीची बाई निर्भयपणें शेतांत कशी जाईल, याचा विचार जी कथा करूं देत नाहीं, ती कितीही चटकदार असली तरी आमच्या जिल्ह्याच्या कामाची नव्हे.