चार वाट्या आणि दाण्याच्या नूडल्स

स्वयंपाकघराशी माझा संबंध एकतीस वर्षे पाण्याचा पेला भरून घेण्यापुरताच होता. चहा करता येत असे, पण साखरेचा डबा कोणता हे विचारल्याशिवाय तो होत नसे. गेल्या वर्षी पत्नीची केमोथेरपी सुरू झाली आणि निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात जाणारी माझी सकाळ ओट्यापाशी जाऊ लागली. ती आतल्या खोलीत पलंगावर पडून सूचना देई आणि मी त्याबरहुकूम वरण-भात, मुगाची खिचडी, दुधी भोपळ्याची भाजी असे साधेसुधे करीत असे. पहिला डोस असा निभावला.

दुसऱ्या डोसनंतर मात्र तिची चव गेली. ‘गेली’ म्हणणेही नेमके नव्हे, ती बदलली. तोंडात सतत तांब्याचे नाणे धरल्यासारखे वाटते, असे ती म्हणे. वरणाला धातूचा वास, भाताला धातूचा वास, पाण्यालाही तोच. फोडणीचा तर तिला इतका तिटकारा आला की मोहरी तडतडली की ती नाकाला पदर लावून गॅलरीत जाऊन बसे. जिच्या हातच्या फोडणीचा घमघमाट जिन्यापर्यंत यायचा, तिची ही अवस्था पाहवत नव्हती. तीन आठवड्यांत वजन चार किलोंनी उतरले. आहारतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितले, की प्रथिने पोटात गेली पाहिजेत. वजन असेच घटत राहिले तर पुढचा डोस लांबणीवर टाकावा लागेल.

त्या वाक्याची मी धास्ती घेतली. दर दोन तासांनी ताट घेऊन तिच्यासमोर उभा राहू लागलो. ‘दोन घास तरी खा’, ‘कशी झालीय खिचडी?’, ‘मीठ बरोबर आहे ना?’ एका संध्याकाळी तिने ताट बाजूला सारले आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘अहो, मला चवच कळत नाही आणि तुम्ही मला चव विचारता. तुमच्या समाधानासाठी मी किती खोटं बोलू?’

मी ताट उचलून आत गेलो. उत्तर देण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

त्या रात्री मुलीशी फोनवर बोलणे झाले. ती नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. वास कमी, फोडणी नाही, गरम खावे लागत नाही आणि प्रथिने भरपूर, असा पदार्थ कोणता, हा माझा प्रश्न होता. ‘बाबा, पीनट नूडल्स करा. थाई पद्धतीच्या. आईला बँकॉकच्या नूडल्स आवडल्या होत्या, आठवतंय?’

आठवत होते. २०१५ साली आम्ही एका सहलीबरोबर तिकडे गेलो होतो. पत्नी शाकाहारी, त्यामुळे पहिले दोन दिवस तिने पेरू आणि केळ्यांवर काढले. मग वाटाड्याने याओवाराट रस्त्यावर पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षर असलेली एक गाडी दाखवली. ती खूण ‘जे’ आहाराची. चिनी वंशाच्या थाई लोकांत रुजलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. तांदळाच्या चपट्या नूडल्स, टोफूचे तुकडे, मोड आलेले मूग आणि वरून भरडलेले दाणे असे बशीत आले. पत्नीच्या नजरेत मात्र दुसरीच गोष्ट भरली. टेबलावर एका तबकडीत चार लहान भांडी होती: साखर, लाल तिखट, मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि दाण्याचे कूट. वाटाड्या म्हणाला, की इथे बशी समोर आली म्हणजे जेवण तयार झाले असे नाही. आंबट, गोड, तिखट, खारट यांचा मेळ खाणाऱ्याने आपल्या जिभेप्रमाणे घालायचा. आचाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. एरवी त्या तबकडीत खारटासाठी माशांपासून केलेले पातळ सॉसही असते, ते तेवढे या गाडीवर नव्हते.

मुलीने सांगितलेला पदार्थ म्हणजे मात्र त्या गाडीवरचा पदार्थ नव्हे, हे प्रांजळपणे नोंदवतो. थायलंडमध्ये दाण्याचे दाट सॉस मुख्यतः सातेबरोबर, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाबरोबर येते, आणि साते हा मूळचा जावा बेटाकडचा. नूडल्सवर तिकडे दाणे भरडून घालतात. सॉस आणि नूडल्स यांचे लग्न पुढे परदेशातल्या घरगुती स्वयंपाकघरांत लागले. दाणा तरी कुठे तिथला किंवा इथला? तो दक्षिण अमेरिकेतून निघाला आणि आपल्या थालीपिठात, साबुदाण्याच्या खिचडीत असा मुरला की परका वाटत नाही. मला एवढेच पुरेसे होते, की १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि आमच्या घरात दाण्यांचा डबा कधी रिकामा नसतो.

पहिला प्रयत्न साफ फसला. शेवयांच्या खिरीचा अनुभव प्रमाण मानून मी नूडल्स खळखळ उकळल्या. झाकण काढले तेव्हा पातेल्यात खळ तयार झाली होती. तांदळाच्या नूडल्स उकळत ठेवायच्याच नसतात. पाणी उकळले की गॅस बंद करायचा, नूडल्स त्यात बुडवून झाकण ठेवायचे. चपट्या असतील तर आठ-दहा मिनिटे, बारीक असतील तर त्याहून कमी. दाताखाली किंचित कस राहिला पाहिजे. मग रोळीत निथळून वरून गार पाणी ओतायचे, म्हणजे चिकटत नाहीत. आमच्याकडे हे पाणी उकळून गार केलेलेच घेत असू, कारण केमोथेरपीच्या काळात प्रतिकारशक्ती उतरलेली असते. त्याच कारणाने भाज्याही कच्च्या नाहीत. गाजर, कोबी आणि मोड आलेले मूग वाफवून घ्यायचे. नूडल्स गार खायच्या, पण करून तासन्‌तास बाहेर ठेवायच्या नाहीत, हा धडाही आहारतज्ज्ञ बाईंकडूनच मिळाला.

सॉसचे म्हणाल, तर ते सोपे आहे, फक्त दाणे निवडताना आळस नको. सुरकुतलेला, काळपट, बुरशीची शंका येईल असा प्रत्येक दाणा फेकून द्यायचा. बुरशीमुळे दाण्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. दोघांसाठी अर्धी वाटी दाणे मंद आचेवर भाजून, सोलून, पाखडून घ्यावेत. मिक्सरमध्ये आधी नेहमीचे कूट होते. तिथे थांबायचे नाही. थांबत थांबत फिरवत राहिले की कूट भांड्याच्या कडेला चिकटते, मग त्याला तेल सुटते आणि चकचकीत लगदा होतो. त्यात आल्याचा लहान तुकडा, लसणाची एक पाकळी आणि थोडे गरम पाणी घालायचे. पाणी पडताच लगदा पातळ होण्याऐवजी घट्ट आणि फिकट होतो. मी पहिल्यांदा घाबरून तो टाकून देणार होतो. आणखी दोन चमचे पाणी घालून घोटत राहिलो तेव्हा तो सायीसारखा सैल झाला. तिळाचे तेल घालण्याचा मोह मी आवरला, कारण तिकडचे तेल भाजलेल्या तिळाचे असते, आपल्या घाणीच्या तेलाला तो वास नाही.

एरवी या सॉसमध्ये सोया सॉस, चिंचेचा कोळ, गूळ आणि तिखट घालतात. मी हात पुढे केला आणि थांबलो. मीठ किती, गूळ किती, हे ठरवणारा मी कोण? जी जीभ खाणार होती तिची मोजमापे मला ठाऊक नव्हती आणि तिलाही रोज नवी कळत होती. मग दाण्याचे सॉस तसेच सपक ठेवून नूडल्समध्ये कालवले, वर वाफवलेल्या भाज्या आणि पनीरचे तुकडे पसरले, आणि चार वाट्या मांडल्या. एकीत लिंबाचा रस, एकीत किसलेला गूळ, एकीत सोया सॉस, एकीत तिखट. स्टीलचा चमचा दिला नाही. धातूची चव येत असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचे चमचे वापरून पाहा, असे रुग्णालयातल्या पत्रकात लिहिले होते. बांबूच्या काड्या आणि लाकडी चमचा ठेवला, आणि ‘दोन घास तरी’ न म्हणता वर्तमानपत्र उघडून बाजूच्या खुर्चीत बसलो. वाचत नव्हतो, हे सांगायला नको.

तिने आधी चारही वाट्यांकडे पाहिले. ‘याओवाराट,’ ती म्हणाली. मग लिंबाचा रस घातला, आणखी घातला, मला तिसऱ्यांदा बघवेना इतका घातला. गुळाची चिमूट. तिखट नाही. सोया सॉसचे दोन थेंब. काड्या काही जमल्या नाहीत, चमच्याने खाल्ले. अर्ध्याहून अधिक वाडगा संपला. उरलेला घास मी नंतर चाखून पाहिला, तर दात आंबले.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा हाच बेत असे. चवीचे प्रमाण दर वेळी वेगळे. तोंड आले त्या दिवसांत लिंबू आणि तिखटाच्या वाट्या मांडायच्याच नाहीत, हे डॉक्टरांना विचारून ठरवले. तेव्हा सॉसमध्ये पाण्याऐवजी नारळाचे दूध आणि नूडल्स जरा अधिक मऊ. माझ्यापुरता आणखी एक लाभ झाला. मला रक्तदाब आहे. एक मोठा चमचा सोया सॉसमधून सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे २०००. वाटी वेगळी असल्याने माझा चमचा लहान राहिला. दाण्यांत स्निग्धांश आणि उष्मांक बरेच असतात, तेही विसरून चालत नाही. तिला वजन वाढवायचे होते, मला नव्हते.

चौथ्या डोसच्या आधी तिचे वजन दीड किलोने वाढले होते. ते नूडल्समुळेच, असा दावा मी करणार नाही. औषधे होती, मुलगी येऊन राहिली होती, शेजारच्या काकू शिरा करून आणत होत्या. पण डोस ठरल्या तारखेला झाला.

पुढे कधीतरी माझ्या लक्षात आले, की आपल्या ताटात डावी बाजू याचसाठी असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. आयुष्यभर त्या ताटावर जेवूनही ते कळायला मला बँकॉकची तबकडी आठवावी लागली. पत्नीला हे सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, ‘तुम्ही लिंबूसुद्धा मलाच पिळून मागायचात.’

सहावा डोस होऊन दोन महिने झाले असतील. एका रविवारी मी नूडल्स केल्या, सवयीने वाट्या मांडल्या. तिने काही न घालता पहिला घास घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला.

‘अहो, दाणे जरा जास्त भाजलेत.’

खरेच जास्त भाजले होते. मी ते पहिल्या दिवसापासून तसेच भाजत होतो.